कारकून, वादळ आणि बाबांचा गुडघा

शर्यतीचा पहिला टप्पा चालू होता आणि माझ्या दुकानात एक फाटकी पॅंट शिरली. म्हणजे, आत माणूसही होता. पण शिंपिणीची नजर आधी कपड्यावर जाते, त्याला माझा इलाज नाही.

"पाच मिनिटांत शिवून मिळेल का? पेशंटकडे जायचंय, आणि अशा अवतारात..."

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उसवलेली, खाली ग्रीसचा काळा डाग. "सायकलच्या साखळीत अडकली ना? पडद्यामागं जा, पॅंट बाहेर द्या. तिथं अस्तराचं कापड आहे, ते गुंडाळा."

मी मशीनवर बसले. कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर सायकलींची लांबच लांब रांग पळत होती. एकवीस टप्पे, डोंगर, ऊन, पाऊस... दरवर्षी हे दिवस आले की आमच्या घरात दुसरा विषय नसतो.

"पुढं कोण आहे?" पडद्यामागून आवाज आला.

"वादळ! तो लाल हेल्मेटवाला. आम्ही त्याला वादळ म्हणतो. चढ दिसला की सुटलाच."

"आणि तो राखाडी हेल्मेटवाला?"

"तो? कारकून! रोज दुसऱ्याच्या चाकामागं बसणार, वारा अंगावर घ्यायला दुसरा पुढं, आणि शेवटी चार सेकंद खिशात घालून हा घरी."

"मॅडम, त्याला डोकं वापरणं म्हणतात!"

"त्याला भित्रेपणा म्हणतात."

पडदा सर्रकन बाजूला झाला. कमरेला गुलाबी फुलाफुलांचं अस्तर, चेहऱ्यावर भयंकर संताप. "भित्रा? अहो, योग्य वेळेची वाट बघायला जास्त छाती लागते!"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग अस्तराकडे. मग इतकी हसले की सुई मोडली.

पॅंट घालून, मान खाली घालून त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "हा पत्ता कुठं आला, सांगाल का?"

पत्ता आमचाच होता. दुकानाच्या डोक्यावर, सतरा पायऱ्या चढून. पेशंट म्हणजे माझे बाबा.

बाबा पोस्टमन होते. चौतीस वर्षं सायकलवरून गावभर पत्रं वाटली आणि शेवटी गुडघ्यानं संप पुकारला. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला, पण व्यायाम म्हटला की बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे बाबांना ओरडायचं खातंही माझ्याकडेच. हा फिजिओथेरपिस्ट हॉस्पिटलनं पाठवलेला तिसरा होता. आधीच्या दोघांना बाबांनी तीन दिवसांत पळवून लावलं होतं.

हा मात्र वस्ताद निघाला. घरात व्यायामाची सायकल आणली आणि ती थेट टीव्हीसमोर मांडली.

"ही कसली सायकल? जात तर कुठंच नाही," बाबा कुरकुरले.

"पूर्ण फेरा नको, काका. तुम्ही फक्त त्यांच्याबरोबर जमेल तेवढे पायडल मागंपुढं हलवा. चढ आला की सांगतो."

पहिल्याच दिवशी त्यानं कोन मोजायची पट्टी गुडघ्याला लावून सगळं स्पष्ट केलं. "आता सत्तर अंश वाकतोय. एकवीस दिवस येईन. मधेच एकशेवीसवर गेला, तर माझी सुट्टी."

"ऐकलंस ना, ठमे?" बाबा मला म्हणाले. लाडात आले की ते मला ठमी म्हणतात. त्याचं नाव त्यांनी त्याच दिवशी ठेवलं... मास्तर.

मग रोज दुपारी मी दुकानाला तासभर कुलूप लावायला लागले. कारण विचाराल तर शर्यत. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

"तुमच्या वादळानं काल उगाच ताकद घालवली," मास्तर बाबांच्या पायाला हात देत म्हणायचा. "एकटाच दोन तास पुढं पळाला. मिळालं काय? बारा सेकंद!"

"बारा का होईना, स्वतःचे! तुमच्या कारकुनासारखे पाणक्यांच्या जिवावर नाहीत." पाणके म्हणजे संघातले बाकीचे गडी. वारा अडवायचे, पाण्याच्या बाटल्या पोचवायचे आणि स्वतः मागं राहायचे. बाबांना ते फार आवडायचे. ते म्हणायचे, शर्यत खरी हेच जिंकतात, फोटो तेवढा दुसऱ्याचा छापून येतो.

"कारकून निघेल हो एक दिवस..."

"कधी? शर्यत संपल्यावर?"

मास्तर हसायचा. हसताना त्याची डावी भुवई किंचित वर जायची आणि माझ्या हातातली बटणं खाली सांडायची. एकदा दोघंही ती वेचायला वाकलो. एक बटण त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं आणि... बोट लगेच उचललं नाही. "आई गं!" बाबा ओरडले. गुडघा! आम्ही दचकून उठलो.

बाबांचा गुडघा मात्र पंच्याण्णवला जाऊन अडला होता. रोज पट्टी लागायची, रोज बाबा कळवळायचे, रोज पंच्याण्णव.

तेराव्या दिवशी मी बोबिनची डबी घ्यायला वर निघाले, तर जिन्यात शीळ ऐकू आली. बाबा काठी काखेत मारून टकाटक पायऱ्या उतरत होते! तेवढ्यात खाली रस्त्यावर मास्तरची घंटी वाजली. बाबा गर्रकन वळले, चढून गेले आणि मी पोचेपर्यंत पलंगावर विव्हळत पडले होते.

मी काय करायला हवं होतं? मास्तरला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्याची सुट्टी झाली असती ना! मी तोंडाला कुलूप घातलं. स्वतःच्या बापाच्या लबाडीत सामील झाले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

अठराव्या दिवशी मास्तरनं वादळाची एकदाही खोडी काढली नाही. निघताना दारात घुटमळला.

"हॉस्पिटलची दुसऱ्या शहरात शाखा उघडतेय. मला तीन वर्षांसाठी बोलावतायत. सोमवारी उत्तर द्यायचंय."

"अरे वा," मी म्हटलं. "चांगली संधी आहे."

"हो... आहे तशी."

तो सतरा पायऱ्या हळूहळू उतरला. आणि मी, जिला वाट बघणाऱ्यांची चीड येते, ती दाराला टेकून नुसती उभी राहिले. इतके दिवस कारकुनाला भित्रा म्हटलं होतं. त्या दिवशी तो शब्द माझ्याकडेच परत आला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

विसावा टप्पा शनिवारी होता. शेवटचा डोंगर; दुसऱ्या दिवशीचा टप्पा नुसता मिरवणुकीचा. जो काय निकाल लागायचा तो आज. एकूण वेळेत वादळ कारकुनाच्या अडतीस सेकंद पुढं होतं. पडद्यावर पाऊस कोसळत होता. बाबा सायकलवर, मास्तर बाजूला, मी खुर्चीच्या काठावर.

पन्नास किलोमीटर बाकी असताना, निसरड्या उतारावर, जिथं सगळे ब्रेक दाबून उतरतात तिथं, कारकून सुटला. एकटा. ना पुढं पाणक्या, ना मागं कुणी.

"हा काय वेडेपणा!" मास्तर ओरडला.

"वेडेपणा?" मी उठून उभी राहिले. "अहो, आता कुठं शहाणा झाला तो! जा रे कारकुना, जा!"

"तुम्ही... कारकुनाच्या बाजूनं?"

"आजच्या दिवस!"

वीस सेकंदांची आघाडी. चाळीस. वादळ मागं धापा टाकत होतं. शेवटच्या चढावर एक मिनिट! बाबांनी इतके जोरात पायडल मारले की सायकल खडखडायला लागली, आणि मग एकदम ते टुणकन खाली उडी मारून, दोन्ही पायांवर नाचायला लागले. "गेला! गेला! ठमे, गेला गं!"

नाचता नाचता त्यांना आठवलं. एक पाय हवेतच राहिला. "आई गं..." ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.



"मला माहीत होतं," मी म्हटलं. "तेराव्या दिवसापासून."

मास्तरनं पट्टी बॅगेत ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. "मला आठव्या दिवसापासून. पायडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा एकशे दहा तरी वाकावा लागतो. पंच्याण्णववाला माणूस ही सायकल फिरवूच शकत नाही. काकांनी आठव्या दिवशी फिरवली."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याच दिवशी हॉस्पिटलात कळवलं, पेशंट बरा झाला. तेव्हापासून मी ड्यूटी संपवून येतोय. स्वतःच्या वेळात... वाट बघत."

"कशाची?"

 त्यानं पट्टी बॅगेतून काढली, परत आत ठेवली. कारकून तिकडं डोंगर चढत होता आणि इकडं याचा पायच उचलत नव्हता. तेव्हा मी सुटले.

"उद्यापासून बाबांच्या गुडघ्यासाठी यायचं नाही."

त्याचा चेहरा पडला.

"माझ्यासाठी ये. आणि सोमवारी त्यांना नाही म्हणायचं असेल, तर कारण माझं सांग. जायचं असेल तर जा, मी वाट बघीन. पण मला तू आवडतोस, हे ऐकून जा."

तो हसला. पूर्ण, मोकळं हसला. "त्यांना 'नाही' तर मी कालच कळवलं. फक्त तुला सांगायला योग्य वेळ..."

"मास्तर!"

"आवडतेस. पहिल्या दिवसापासून. अस्तर गुंडाळलं होतं तेव्हापासून!"

त्यानं माझा हात धरला. टीव्हीवर एकच गलका झाला. कारकून हात उंचावून रेषा ओलांडत होता. आम्ही दोघांनी ते पाहिलंच नाही.

"तुझा कारकून जिंकला वाटतं," मी नंतर म्हटलं. "पण डाव माझा होता."

"कबूल. शंभर वेळा कबूल."

आणि बाबा? ते स्वयंपाकघरातून आले. काठी नाही, लंगडणं नाही. ताठ मानेनं, दोन्ही हातांत पाण्याचे भरलेले पेले घेऊन.

"घ्या," ते म्हणाले. "तीन आठवडे तुमच्या पुढं राहून वारा अडवला. आता पाणी पण मीच आणलं. फोटो काढाल तेव्हा मला बोलवा म्हणजे झालं."