तिसरी हाक

प्रसन्न, तो फोन उलटा ठेव. दीपा, बेसमेंटचं दार लाव. ऐका आता. गिरीश हा ॲन आर्बरच्या कॉलेजातला माझा रूममेट. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्याच्याकडे नव्हती. इंजिनीअर होता बिचारा.

तेरा जानेवारी एकोणीसशे ब्याऐंशी, भोगीची रात्र. साडेआठला गिरीशच्या घरी एकनाथचा फोन आला. हा आमचा मित्र, दीड तासावरच्या एका खेड्यात डॉक्टर होता. तो दुपारपासून हॉस्पिटलात अडकलेला, आणि घरी त्याची बायको रेखा बारा दिवसांच्या बाळाला घेऊन एकटी. वीज गेली होती. वीज गेली म्हणजे हीटर गेला. बाहेर उणे वीस!

गिरीशने नुकतीच फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली होती. आत सीबी रेडिओसुद्धा, ट्रकवाले एकमेकांशी बोलतात तो. गाडीचा ताठा होताच. "मी आणतो दोघांना," म्हणाला आणि बूट चढवायला लागला.

त्याची बायको वसुधा कोकणातली. तिने फोनवर रेखाला बजावलं, "रेखा, रात्रीची वेळ आहे. तिसऱ्या हाकेशिवाय दार उघडू नकोस, आणि 'ओ'ही देऊ नकोस. त्याला तीनदा हाक मारता येत नाही."

गिरीश हसला. "अगं, इथल्या भुतांना मराठी कुठून येणार?"

"अहो, थट्टा पुरे. तुम्हीसुद्धा लक्षात ठेवा," वसुधा म्हणाली.

सव्वादहापर्यंत हायवे बरा होता. गावाकडचा फाटा आला आणि बर्फाने रस्ताच पुसून गेलेला. गिरीश खाली उतरला. तेव्हा चारही चाकांना जोर हवा तर पुढच्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, हाताने फिरवून लॉक करावे लागत. बोटं लाकडासारखी झाली त्याची. बर्फ बंपरला लागत होता. गाडी बैलासारखी मान खाली घालून पुढे सरकत होती, आणि हा मनात एकच हिशोब करत होता... बारा दिवसांचं बाळ किती वेळ तग धरेल?

दहा चाळीसला रेडिओ खरखरला.

"गिरीश..."

"ओ! बोल, एकनाथ!"

दिली ओ. पहिल्याच हाकेला! अरे, अमेरिकन माणूस बोलला असता तर याने दहा प्रश्न विचारले असते. पण परमुलखात आपली भाषा कानावर पडली की आपण विरघळतो. अक्कल गहाण पडते. हॉस्पिटलात अडकलेला एकनाथ रेडिओवर कसा, हेसुद्धा याला सुचलं नाही.

"पुढे रस्ता बंद आहे. डावीकडे शेतात घाल. माझ्या चाकांच्या खुणा दिसतील."

दिसल्या. ताज्या, खोल. गिरीशने गाडी त्यांच्यात घातली. आधी इंजिन कण्हत होतं, बर्फ काचेवर उडत होता. मग एकाएकी चाकं हलकी झाली. शेत इतकं सपाट कसं? कुंपण नाही. झाड नाही.

हेडलाइटमध्ये एक लाकडी खोपटं आलं. दाराशी मासे धरायची काठी.

शेतात मासे कोण धरतं?

गाडीखाली आवाज झाला. कट्... लांबपर्यंत गेला.

गिरीशने हळूच ब्रेक दाबला.

"थांबू नकोस, गिरीश."

"एकनाथ... अरे, हे गोठलेलं तळं आहे."

रेडिओ नुसता खरखरला.

मग... "माहीत आहे."

वळायची सोय नव्हती. गिरीशने रिव्हर्स टाकला, मान खिडकीबाहेर काढली आणि आपल्याच चाकोरीतून इंच इंच मागे आला. टायरखाली पाणी पचपचत होतं. काठ लागला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

रेडिओ पुन्हा खरखरला.

"बरं... मग बाळाला मीच आणतो."

आवाज एकनाथचा नव्हता.

गिरीशचा होता. त्याचा स्वतःचा.

पुढचे तीन मैल त्याने कसे काटले, त्यालाच ठाऊक. रस्ता असो नसो, गाडी दामटत राहिला. अकरा पंचवीसला घर आलं. अंधार. तो दाराशी धावला.

"वहिनी!"

काही नाही.

"रेखावहिनी!"

काही नाही...

तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा आवाज फाटला. आतून कडी निघाली. रेखा मेणबत्ती घेऊन उभी. स्वेटरच्या आत, छातीशी बाळ. गिरीशने त्याच्या गालाला बोट लावलं. ऊब होती. झोपलं होतं. गिरीश चक्क रडला.

रेखा मात्र चिडलेली. "काय हो भावजी, मघाशी दोनदा हाक मारून गप्प का बसलात? 'वहिनी, बाळ द्या' म्हणालात. मी तिसऱ्या हाकेची वाट बघत दाराला कान लावून बसले."

"...मघाशी म्हणजे?"

"झाली की वीस मिनिटं."

गिरीशने दोघांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत बसवलं, आणि दार ओढून घ्यायला परत गेला तेव्हा टॉर्च खाली धरला.

गाडीपासूनची त्याची पावलं होती. शिवाय दुसरी एक रांग होती, तळ्याच्या बाजूने आलेली. त्याने आपला बूट त्यातल्या एका पावलात ठेवला. तंतोतंत बसला.

रांग उंबऱ्यापर्यंत आली होती.

त्या रांगेचं परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.