वरच्या ड्रमातलं नितळ पाणी

शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवरून आपल्या ओढणीवर पाणी गळतंय, हे मुग्धाच्या लक्षात आलं तेव्हा ऑटो वजिराबादच्या गर्दीतून नुकता बाहेर पडला होता. चांगलं सुनावावं म्हणून तिने मान वळवली, आणि सुनावायचं राहूनच गेलं. त्याच्या मांडीवर पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत एक जाडजूड सोनेरी मासा होता आणि तो थेट तिच्याकडेच बघत होता.

"पिशवी गळतेय तुमची."

"कुठं?" तो दचकला. त्याला हात हलवायची सोय नव्हती. दोन्ही हातांनी त्याने गुडघ्यांमध्ये काचेची टाकी धरली होती आणि खड्डा आला की तो तिला लेकरासारखं कवटाळत होता.

"इथे..." तिने भोकावर बोट ठेवलं. पाणी थांबलं.

"आता बोट काढू नका," तो म्हणाला. मग आपण हुकूम सोडला हे जाणवून कसनुसा झाला. "म्हणजे... तेवढं माझा स्टॉप येईपर्यंत."

"आणि माझा आधी आला तर?"

"तर मी पण तिथंच उतरतो. काय करणार? जीव हाय त्याच्यात."

ऑटो विष्णुपुरीच्या रस्त्याला लागला. मुग्धाचं बोट गार पडलं होतं आणि आतून मासा त्या बोटाला येऊन येऊन ठोसे देत होता. तिला हसू आवरेना. शेवटी तिने ऑटो थांबवायला सांगितलं, तर हाही म्हणाला, "माझा पण हाच."

"थापा नका मारू."

"थापा न्हाई मारून राहिलो. रेणुकादास काकांचं घर हेच ना? वरची खोली घेतलीय मी."

रेणुकादास म्हणजे मुग्धाचे वडील, नाना. वरच्या खोलीत लातूरचे कुणी फिजिक्सचे सर येणार आहेत, एवढं नानांनी घरात सांगितलं होतं. सरांसोबत मासेही येणार आहेत, आणि सर वयाने इतके... म्हणजे फारसे मोठे नाहीत, हे सांगायचं ते विसरले असावेत. मुग्धा भोकावर बोट धरून त्याच्याबरोबर जिना चढली. खालून आई बघतच राहिली.

सरांचं नाव शिवशंकर. शिकवायचे मेडिकल प्रवेशाच्या क्लासमध्ये. दिवस उजाडायच्या आत घर सोडायचे. मुग्धाही शिक्षिकाच, सहावी-सातवीला विज्ञान शिकवायची. तिला 'का' विचारायची भारी खोड. वर्गात मुलांपेक्षा तिचेच प्रश्न जास्त असत. साहजिकच वरची टाकी सजली, तीत गप्पी, मोली, पट्ट्यापट्ट्यांचे टेट्रा असे इवले मासे आले, आणि संध्याकाळी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मुग्धाचे प्रश्न वर जाऊ लागले.

"हा फिल्टर सारखा बुडबुडे का काढतो?"

"पाणी ओढून घेतो, आतल्या स्पंजातून गाळतो, परत सोडतो. बंद पडला तर यांची घाण यांनाच मारते."

"आणि हा जाड्या सगळ्यांना ढकलून पुढे का येतो?"

"तो सरपंच हाय." तिच्या बोटाला ठोसे देणाऱ्या माशाचं नाव त्याने सरपंच ठेवलं होतं. "तुम्ही आलात की जास्तच पुढं येतो. वळख हाय तुमची."

"आणि तुम्ही मासेच का पाळले?"

त्याने आधी सरपंचाला चिमूटभर खाद्य टाकलं. "लातूरला शिकत होतो तेव्हा, त्या दुष्काळात, रेल्वेनं पाणी आलं होतं गावाला. तुम्हाला आठवत असंल. आम्ही घागरी घेऊन रांगेत. त्या वर्षी एका मित्राकडं माशांची रिकामी टाकी बघितली. घरी म्हणलं, आपण पण आणू. आई म्हणली, माणसाला प्यायला न्हाई अन् तुझ्या माशाला कुठून आणू? खरंच होतं की. तेव्हाच ठरवलं, नदीच्या गावाला नोकरी लागली की पयलं हे घ्यायचं."

त्या रात्री मुग्धाला उशिरापर्यंत झोप लागली नाही. हे काही फिल्टरच्या बुडबुड्यांमुळे नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मुग्धाने कुणालाच सांगितली नव्हती. वरच्या खोलीबाहेर पाण्याचा निळा ड्रम होता. खोली देताना नाना म्हणाले होते, "पाण्याची काळजी करू नका सर, ड्रम भरलेला असतो." सरांनी त्याचा अर्थ असा घेतला की मोटार लागली की ड्रम आपोआप भरतो. पण नळ यायचा सर क्लासला गेल्यावर. मग मुग्धा खालून पाइप ओढत जिन्यावरून वर न्यायची, ड्रम भरायची आणि पाइप गुंडाळून खाली आणून ठेवायची, जसं काही झालंच नाही. पुढे वरच्या अंगाला पाऊस झाला, गोदावरीला लाल पूर आला आणि नळाला चहासारखं पाणी येऊ लागलं. तेव्हा ती त्यात तुरटीही फिरवू लागली. घरोघरी फिरवतात तशीच. फक्त जरा मन लावून. संध्याकाळपर्यंत वरचा ड्रम असा नितळ व्हायचा की तळ दिसावा.

त्याच पुराच्या आठवड्यात कुठेतरी तारेवर झाड पडलं आणि दिवसभर लाईट आली नाही. आली तेव्हा फिल्टरने एक घरघर केली आणि कायमची मान टाकली. सर आले तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत होते. दोन्ही मोली उलट्या तरंगत होत्या. त्याने धावपळ करून ड्रमातल्या पाण्याने निम्मी टाकी बदलली. सकाळी बघतो तर सगळे गप्पी गेलेले.

मासेविक्या मलप्पाने नवा फिल्टर दिला आणि सल्लाही. "पाणी बदला सर. स्वच्छ, नितळ पाणी टाका."

सरांनी पुन्हा पाणी बदललं. टेट्रा गेले.

आई म्हणाली, "सर, दृष्ट लागली तुमच्या माशांना." सरांनी ते हसण्यावारी नेलं, पण संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून ते माशांची जाळी हातात फिरवत होते. मुग्धा वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत होती.

"लातूरच्या एका क्लासनं बोलावलंय," तो म्हणाला. "जावं म्हणतो. इथं काय जमंना माझं. नदीकाठी येऊन मासे जगवता येईनात, म्हणजे काय..."

'जाऊ नका' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ती म्हणाली, "आणि सरपंचाचं काय?"

तो तिच्याकडे बघत राहिला, जणू दुसरंच काही ऐकायचं होतं. "त्याला मलप्पाकडं सोडतो. जगला तर."

खाली येऊन मुग्धाने उशीत तोंड खुपसलं आणि स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या. मग ती उठून बसली. रडून काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिला येत होतं ते एकच, प्रश्न विचारणं. मासे का मरतात? फिल्टर बंद पडला म्हणून, तर नवा लावल्यावर का मेले? रोग असता तर हळूहळू मेले असते. मग एकदम कधी मरतात?

दुसऱ्या दिवशी जिन्यातच तिने त्याला गाठलं. "सर, पाणी बदललं की मरतात. दर वेळी. फिल्टरचा दोष पहिल्या दिवशी असेल, नंतर नाही."

"पाणी तर आरशासारखं हाय."

"दिसायला. तुमच्या केमिस्ट्रीच्या सरांकडे पीएच पेपर असतील ना?"

त्याच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक आली. संध्याकाळी तो पाण्याचा आंबटपणा दाखवणाऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आला आणि दोघं ड्रमापाशी उकिडवे बसले. टाकीत आता एकटा सरपंच उरला होता, कोपऱ्यात, कल्ले जोरजोरात हलवत.

टाकीतल्या पाण्याची पट्टी नारिंगी झाली. ड्रमातल्या पाण्याची त्याहून लालसर.

"आंबट हाय की पाणी," तो पुटपुटला. "नळालाच असं येतंय का?"

मुग्धा धावत खाली गेली आणि आईने झाडांसाठी उघड्या टबात भरून ठेवलेलं गढूळ पाणी मगभर घेऊन आली. त्यात पट्टी बुडवली. हिरवी झाली. हे पाणी आंबट नव्हतं.

"एकच नळ," तो म्हणाला, "अन् दोन रंग. म्हणजे मोटारीपासून ड्रमापर्यंत येताना काहीतरी होऊन राहिलंय. हा ड्रम भरतो कसा, सांगा बरं?"

मुग्धाच्या हातातला मग तसाच राहिला. लाल-निळे कागद बुडवून वर्गात दरवर्षी ती हेच शिकवत होती आणि गेले काही दिवस तिला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"तो भरत नाही, सर," ती हळूच म्हणाली. "भरावा लागतो."

"कोण भरतं?"

ती जिना उतरून खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर तुरटीचा खडा होता. पुराआधी तो मुठीत मावत नव्हता. आता सुपारीएवढा उरला होता.

"तुम्ही गेल्यावर पाइप वर आणते मी. पूर आला तसं गढूळ येत होतं, म्हणून हा..." तिने खडा त्याच्यापुढे धरला. "तुरटीने पाणी आंबट होतं, सर. मीच मारले तुमचे मासे. सगळे."

त्याने खडा उचलून उजेडात धरला. तो उलटसुलट करून बघेपर्यंत मुग्धाने मनातल्या मनात त्याची बॅग भरून त्याला लातूरच्या गाडीत बसवूनही दिलं.

"खालच्या पाण्यात पण फिरवता?" त्याने विचारलं.

"खाली आई फिरवते. दोन फेरे."

"अन् वर?"

"वर मी. ... फेरे नाही मोजले."

"का?"

जगाला 'का' विचारत सुटलेल्या मुग्धाला हा प्रश्न आजवर कुणी उलटा विचारला नव्हता. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमचे पांढरे शर्ट पिवळे पडले असते."

"अन्?"

"आणि तुम्ही रांगेत उभं राहून पाणी भरलेलं. इथे तरी पाण्याचं काही मनाला लागू नये, असं वाटलं."

"अन्?"

"सगळं उत्तर मीच लिहायचं का, सर?"

तो हसला. मग त्याचं हसू विरलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "लातूरला जायचं मनात नव्हतंच माझ्या. काल ते बोललो ना... तुम्ही जाऊ नका म्हणाल, असं वाटलं होतं. तुम्ही सरपंचाचं विचारलं."

"जाऊ नका," मुग्धा म्हणाली. यावेळी ओठांनी दगा दिला नाही. "मला तुम्ही आवडता. मासे नसते तरी आवडला असता."

"मला पण," तो म्हणाला. "ऑटोतूनच. तुम्ही बोट काढलं न्हाई तेव्हापासून."

आत सरपंच एका कुशीवर कलला होता, म्हणून पुढचं बोलणं राहिलं. टबातलं गढूळ पाणी त्यांनी मग-मग करून टाकीत ओतायला घेतलं. एकाने काढायचं, दुसऱ्याने घालायचं, घाई करायची नाही. हळूहळू काचेमागे लालसर धुकं भरलं आणि त्या धुक्यात सरपंच दिसेनासा झाला.

"जिवंत असेल का?" मुग्धाने विचारलं.

"कळंल."

दोघं टाकीपुढे जमिनीवर बसले. फिल्टर बुडबुडत होता. लातूरच्या क्लासचा फोन आला, तेव्हा त्याने टाकीवरची नजर न काढता सांगितलं, "न्हाई सर, न्हाई जमायचं. हाव, ठरलं माझं." फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा काचेला डोळे लावले. मुग्धाचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. तिने तो तसाच राहू दिला. खालून आईने चहाला हाक मारली. कुणीच उठलं नाही.

मग मुग्धाने काचेवर बोट टेकवलं.

बराच वेळ तिथे नुसतं लाल पाणी होतं. नंतर त्यातून एक सोनेरी ठिपका उमटला, मोठा झाला, थोडा तिरका, थोडा दमलेला. आणि सरपंचाने आतून येऊन तिच्या बोटाला ठोसा दिला.

"बोट काढू नका," शिवशंकर म्हणाला, आणि काचेवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.