पाठमोरी सीट

ते जनेल लोटून घे रे, वारा येतोय. हं, बसा असे जवळ. तुये गावच्या कारखान्यातला आपला सिद्धेश तुम्हाला ठाऊक आहे. हल्ली उजवा पाय ओढत चालतो. गाडी ठोकली, एवढंच तो लोकांना सांगतो. पुरतं सांगितलं ते माझ्यापाशी, नि तेही एकदाच.

गेल्या वर्षीचा एकोणीस डिसेंबर. गोवा मुक्तिदिनाची सुटी, शुक्रवार, आणि वर मार्गशीर्षातली अमावास्या. त्याची बायको शुभांगी आईला ताप म्हणून पोरीला घेऊन माहेरी आमोण्याला गेली होती. तो ताप पोरीला लागायला नको म्हणून सिद्धेश तिन्हीसांजेला गाडी घेऊन चिऊला आणायला गेला. चिऊ त्याची एकुलती एक. वर्षाचीही नव्हती.

पोरीसाठी त्याने गाडीत खास सीट बसवली होती. मागच्या बाकावर, तोंड मागच्या काचेकडे. त्याची बहीण कमलाक्षी इस्पितळात नर्स. तिनेच बजावलं होतं, गाडी समोरून आपटली तर एवढ्याशा मानेला हिसका सोसत नाही. मूल पाठमोरं असलं की धक्का सीट घेते. पोरीचा चेहरा दिसावा म्हणून त्याने तिच्यासमोर एक गोल आरसाही लावला होता. पुढे बसून आपल्या आरशात बघितलं की त्यात चिऊ दिसायची.

सासू सुलोचना अंथरुणातून उठून दारापर्यंत आली. पोराला असं पाठमोरं न्यायचं, हे तिला काही पटलं नाही.

"भुरग्याक पाठमोरां व्हरू नये. मागसून काय येता तां तेका दिसता. आपणाक दिसना."

सिद्धेश हसला. पोरीचे पट्टे आवळले आणि निघाला.

डिचोली मागे टाकून तो अस्नोड्याच्या रस्त्याला लागला तेव्हा आठ वाजत आले होते. चिऊ खुशीत होती. मागच्या काचेकडे बघून खिदळत होती, हात हलवत होती. मागे कोणी मोटरसायकलवाला असेल म्हणून त्याने पाहिलं. रस्ता रिकामा होता. मिट्ट काळोख.

मग चिऊ हसायची थांबली.

तिचे डोळे कशावर तरी खिळले. आधी लांब. मग जवळ. मग आणखी जवळ. एखादं माणूस चालत यावं आणि मुलाने त्याच्याकडे बघत राहावं, तसे. सिद्धेशने गाडी पळवली. पोरीचे डोळे हलले नाहीत. जे येत होतं, ते गाडीच्या वेगाने येत होतं...

डिकीवर धाडकन काहीतरी आदळलं. पुन्हा आदळलं. मागची काच तडकली.

आणि बाकाच्या मागून दोन हात वर आले. बाईचे. कोपरापर्यंत सोललेले, उघड्या मांसात डांबराची खडी रुतलेली. ते चिऊच्या छातीवर येऊन बसले.

सिद्धेशने ब्रेक दाबला. सीटखालचा चाकाचा पाना उचलला, उतरला, मागचं दार उघडलं. त्याला एकच सुचत होतं. पोरीला घ्यायचं. मांडीवर घ्यायचं आणि पळायचं. त्याने पट्ट्यांचं बक्कल दाबलं, पट्टे सुटले, पोरीला ओढलं. ती येईना. हातांनी तिला सीटमध्ये दाबून धरलं होतं.

त्याने पाना हाणला. मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज त्याने ऐकला. हात सुटले नाहीत. त्याने पुन्हा हाणला. पुन्हा. रक्त त्याच्या तोंडावर उडालं. गरम होतं. चिऊ किंचाळत होती. बाकामागून एक आवाज आला, तोंडात माती भरल्यासारखा...

"मांडयेर नाका... मांडयेर नाका..."

कोणीतरी छातीत लाथ घालावी तसा तो मागे फेकला गेला. उठला तेव्हा दार बंद झालेलं. हात नव्हते. पोर सीटमध्येच. तो स्टिअरिंगवर बसला आणि गाडी सोडली. पट्टे उघडे आहेत, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

वळण आलं. वळणावर टिपर उभा होता. मागचा दिवा नाही... काही नाही...

गाडी सरळ त्याच्यात घुसली. बॉनेट चेपलं. पत्रा आत आला, गुडघा फोडून गेला. काचा गालात. दात हातावर पडले. त्याला मान वळवता येईना.

मागून आवाज नाही.

"चिऊ..."

काही नाही.

"चिऊ..."

जवळच धाकू म्हणून एकाचा खाण्याचा गाडा होता. तो बॅटरी घेऊन धावत आला. त्याने मागे उजेड टाकला आणि दारातून आत वाकला. मग म्हणाला, "पोर बरां आसा. बघता हांगा."

इस्पितळात धाकूने सांगितलं. चार-पाच वर्षांमागे याच वळणावर एक गाडी झाडावर आदळली होती. पुढे नवऱ्याशेजारी हिरवं लुगडं नेसलेली बाई, मांडीवर तान्हं मूल. धक्क्यासरशी मूल तिच्या हातातून सुटलं, काच फोडून बाहेर गेलं. तिचे दोन्ही पाय मोडलेले. तरी ती बाहेर पडली आणि रस्ताभर कोपरांवर सरपटत मूल शोधत राहिली. लोकांना सापडली तेव्हा दोघंही संपलेली होती.

सिद्धेशने हे ऐकलं, मांडीवर नको म्हणणारा तो आवाज त्याला आठवला, आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. कमलाक्षी त्याच्या उशाशी उभी होती. पोरीला असं कोणी बांधलं, हे तिला त्याला विचारायचं होतं, पण त्या रात्री तिने विचारलं नाही. चिऊला सीटसकट उचलून आणलं होतं, आणि पोरीला तिनेच बाहेर काढलं होतं. पट्टे उघडेच होते. पोरीला धरून ठेवलं होतं ते एका फाडलेल्या हिरव्या लुगड्याच्या काठाने. छातीवरून, काखेतून, सीटच्या मागून फिरवून घट्ट बांधलेला. गाठ कोणाला सुटेना. शेवटी कात्रीने कापावी लागली.

काठ रक्ताने ओला होता. आणि चिऊच्या अंगावर, बाबांनो, ओरखडासुद्धा नव्हता.