आबांची सरळ रेघ

मांजर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुधाच्या पातेल्याकडे निघालं होतं आणि ऐन वेळी ते पडद्यावरून गायब झालं. त्याच्या जागी एक मोठी खोली आली. खोलीत पंधरा-वीस माणसं तोंडं मिटून बसली होती. समोरच्या काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ होती, तीही सरळ. कोणी बोलेना, कोणी हलेना.

चार्वीने रिमोट उचलून मांजर परत आणलं. रिमोटला हातही न लावता चॅनेल बदलण्याची ही तिसरी वेळ होती.

हा टीव्ही ट्रकमधला होता. दिवाळीच्या सुट्टीत चार्वी बाबांबरोबर लातूरहून रायपूरला निघाली होती. तिचे बाबा, विलास, ट्रक चालवत. अर्थात ‘चालवत’ हे आपलं जुन्या सवयीने म्हणायचं. महामार्गाला स्वयंचलित मार्गिका (ट्रकने स्वतःच चालायची वेगळी पट्टी) झाल्यापासून तिथे शिरलं की बाबा सीट मागे पाडून खुशाल घोरत. मग ट्रक सांभाळायचा तो यंत्रमानवाने. पूर्वी प्रत्येक ट्रकवर हाताखाली एक क्लीनर असायचा. तो आता राहिला नाही, म्हणून बाबांनी यंत्रमानवाचंच नाव क्लीनर ठेवलं होतं. त्याला दोन लांब हात होते आणि भरपूर ज्ञान होतं, पण स्वभाव एकच. विचारलं तेवढंच सांगायचं.

टीव्ही मागच्या बर्थसमोर लावलेला होता आणि त्यावर लातूरच्या घरचा टीव्ही दिसायचा. ही करामत आबांची, म्हणजे चार्वीच्या आजोबांची. मुलगा महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो, त्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून त्यांनी स्वतः एक पेटी तयार केली आणि घरच्या टीव्हीला जोडून दिली. मागच्या बर्थसमोर टीव्ही लावायचा हट्टही त्यांचाच. ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे पडदा नको, कानावर आवाज पडला तरी पुष्कळ झालं, असं ते म्हणायचे.

आणि आता ते मांजर चौथ्यांदा गेलं. पुन्हा तीच खोली, तीच रेघ.

“क्लीनर, हे आपोआप बदलतंय. थांबवता येईल का?” चार्वी वैतागून म्हणाली.

“येईल. लॉक लावला तर तुझ्या रिमोटशिवाय दुसऱ्या कोणाचाही हुकूम चालणार नाही. लावू?”

दुसऱ्या कोणाचा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मांजराचं पातेल्यात तोंड जाणार होतं ना!

“लाव,” ती म्हणाली.

मग सगळं सुरळीत झालं. मांजराने दूध सांडलं, मार खाल्ला आणि ते पळून गेलं. खरं सांगायचं तर हा भाग चार्वीने याआधी दोनदा पाहिलेला होता.

मालिका संपली आणि तिच्या डोक्यातला किडा वळवळायला लागला.

“क्लीनर, पण चॅनेल बदलत कोण होतं?”

“आपण शोधू. रिमोटचं बटण दाब आणि चॅनेल बदलेपर्यंत मनात आकडे मोज.”

तिने बटण दाबलं. नऊपर्यंत मोजून झालं तेव्हा कुठे चॅनेल बदललं.

“घरी बटण दाबलं की किती वेळ लागतो?” क्लीनरने विचारलं.

“लगेच बदलतं.”

“मग इथे एवढा वेळ का लागत असेल?”

चार्वी विचारात पडली. रिमोट तिच्या हातात, टीव्ही तिच्यासमोर, मधे फक्त वीतभर पांघरूण. वेळ लागायचं काही कारण नव्हतं. “म्हणजे चॅनेल इथे बदलत नाही?” तिने हळूच विचारलं.

“बरोबर. या टीव्हीत ट्यूनर (शेकडो वाहिन्यांमधून एक निवडून घेणारा भाग) नाही. तो लातूरला घरच्या टीव्हीपाशी आहे. तू बटण दाबलंस की तुझा हुकूम ट्रकच्या टपावरच्या तबकडीतून उपग्रहाकडे जातो आणि तिथून घरच्या पेटीकडे. याला सेकंदसुद्धा लागत नाही. पेटी तिथलं चॅनेल बदलते. मग नव्या चित्राचे बारीक तुकडे करून ती इकडे पाठवते. अशा तुकड्याला पॅकेट (माहितीची पुडी) म्हणतात. प्रत्येक पुडीवर क्रमांक असतो. एखादी लांबच्या वाटेने येते, एखादी मागे राहते. मी त्या क्रमाने लावतो आणि चित्र जुळवतो.”

“मग उशीर कशाने होतो?”

“आपल्या लातूरला नळाला रोज पाणी येतं का?”

“छे. म्हणून तर टाकी भरून ठेवतो.”

“मीही टाकी भरतो. पुडी आली की दाखवली, असं केलं तर बोगद्यात शिरताच चित्र थांबेल. म्हणून आधी थोड्या पुड्या साठवून घेतो आणि मग दाखवायला लागतो. या साठ्याला बफर (अडचणीसाठी जमवून ठेवलेली माहिती) म्हणतात. मघाशी बोगदा लागला तेव्हा तुझं मांजर थांबलं नाही, ते त्यामुळेच. चॅनेल बदललं की जुनी टाकी ओतून द्यायची आणि नवी भरायची. तुझे नऊ आकडे त्यातच गेले. तेव्हा तू इथे जे पाहतेस ते घरी थोडा वेळ आधीच दिसून गेलेलं असतं.”

चार्वीला हे फार आवडलं. आता ती एखादा नवा प्रश्न विचारणार, एवढ्यात तिच्या लक्षात काहीतरी आलं.

“घरी दिसून गेलेलं? म्हणजे मी मांजर लावलं की घरीही मांजरच लागतं?”

“हो. ट्यूनर एकच आहे.”

“आणि लॉक?”

“घरचा रिमोट बंद.”

आई या वेळी कामावर असते. घरी फक्त आबा होते.

आबा आयुष्यभर मोठमोठ्या तबकड्यांच्या दुर्बिणीवर शास्त्रज्ञ होते. आकाशातून येणारे अगदी क्षीण संदेश ऐकायचं त्यांचं काम. चार्वीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा ‘चंडोल’ नावाचं यान शनीच्या एका चंद्राकडे निघालं होतं आणि त्याचा आवाज ऐकणारं यंत्र आबांनी बनवलं होतं. चंडोल तिथे उतरून पहिला शब्द बोलेल, तेव्हा पडद्यावरची सरळ रेघ फक्त एकदा वर उसळणार होती. परवा ती बॅग भरत असताना आबा दारात येऊन म्हणाले होते, “चारू, या आठवड्यात माझं चंडोल बोलायचंय.” ती “हो आबा” म्हणाली होती आणि चार्जर शोधत बसली होती.

तिने क्लीनरला लॉक काढायला सांगितलं आणि आबांना फोन लावला.

“काय करायलीस गं लेकरा?” आबांचा आवाज नेहमीसारखाच होता.

“आबा, चॅनेल तुम्ही बदलत होता?”

“हो की. आधी म्हणलं पेटी बिघडली. मग मांजर दिसलं, म्हणलं चारू बसली असंल.”

“मग मला फोन का नाही केला? मी लगेच सोडलं असतं.”

“ते ठाऊकच होतं म्हणून केला नाही. दिवसभर ट्रकात बसायचं, करमत नसतंय लेकराला. बघू दे म्हणलं.”

आबांना फोनच्या पडद्यावरचं बारीक आता दिसत नसे, म्हणजे टीव्ही सोडून ती रेघ बघायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने घाबरतच विचारलं, “चंडोल बोललं का?”

“बोललं म्हणं. जुन्या ऑफिसातून फोन आला होता.”

बोललं म्हणं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आबांना दुसऱ्याकडून कळलं होतं. चार्वीला रडू फुटलं.

“रडू नको. रेकॉर्डिंग हाय की,” आबा म्हणाले. “आणि खरं सांगू? त्या खोलीतल्यांनी ऐकलं तेही तासाभरापूर्वीचंच होतं. शनीवरून इथं यायला प्रकाशालाही तेवढा वेळ लागतोय. उशीर सगळ्यांनाच असतोय, चारू.”

पण तिला नीट कळलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये रेघ उसळेल, तेव्हा ती उसळणार हे आबांना आधीच माहीत असेल. उसळेल की नाही, अशी धाकधूक कुठल्याच पेटीत साठवता येत नाही. ती वेळ तिने एका पाहिलेल्या मांजरासाठी घालवली होती.

“पुन्हा बोलेल ते?”

“तो चंद्र हळू फिरतोय. आता त्यानं पाठ केली. परत आपल्याकडं वळंल संक्रांतीच्या सुमारास.”

“तेव्हा मी घरी असेन. आणि तोवर पेटीला दुसरा ट्यूनर जोडू. मला शिकवाल?”

“शिकवीन की.”

फोन ठेवेपर्यंत बाबा जागे झाले होते. सगळं ऐकून त्यांनी सीट सरळ केली. “म्या कधी त्या रिमोटला हात लावत नाही,” ते म्हणाले. “आबा जे बघतेत ते ऐकायचं. म्हणजे शेजारी बसल्यावानी वाटतंय.” ते चार्वीवर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

चार्वीने बर्थवर बसून खोलीचं ते चॅनेल लावलं आणि आकडे मोजले. खोली आली. माणसं उठून एकमेकांना मिठ्या मारत होती आणि मागे रेघ पुन्हा सरळ झालेली होती. तिने रिमोट पांघरुणाखाली सारला आणि ती बघत बसली. घरी आबाही आता हेच बघत असतील, असं तिला वाटलं.

तेवढ्यात खोली गेली आणि मांजर आलं.

“कोण बदललं गं?” बाबांनी पुढून विचारलं.

“आबांनी,” चार्वी म्हणाली. लातूरला ते बटण थोडा वेळ आधीच दाबलं गेलं होतं, आणि का दाबलं गेलं, तेही तिला कळलं होतं. तिने पांघरुणाखालून रिमोट काढला, खोलीचं चॅनेल परत लावलं आणि फोन उचलला.

“आबा,” ती म्हणाली, “रिमोट खाली ठेवा. मीपण ठेवलाय.”