हळदीच्या फिल्ममध्ये राहिलेला आवाज

तो माझ्याकडे पाठ करून बसला होता, तरी मी त्याला ओळखलं.

पनवेलच्या एसटी स्टँडासमोर कमळाकरदादांचा फोटो स्टुडिओ आहे, दुसऱ्या मजल्यावर. एप्रिलची दुपार होती. मी रोडपालीहून रिक्षाने आले होते. एका हातात हार्ड डिस्कची पिशवी, दुसऱ्या हातात शकूचं बोट. शकू माझी मुलगी, साडेतीन वर्षांची, नाव पणजीचं ठेवलेलं. जिन्यात तिला पाणी पाजलं, कपाळाला हात लावून बघितला, ताप नसतानाही… सवयच ती. वर आले तर दादा नव्हते. खिडकीशी एक उंच माणूस लेन्स पुसत फोनवर बोलत होता.

“आये, जेवलो मी. नाय, खरंच जेवलो.”

बस्स, एवढंच. माझ्या पायांतला थकवा मी एकदम विसरले.

कारण हा आवाज मी आठ महिने रोज कापत होते.

मी घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. शूटिंग करणारा दादांना कार्ड देतो, दादांची डिस्क माझ्याकडे येते. मधल्या माणसांची कधी गाठ पडत नाही. पण हा कॅमेरावाला कॅमेरा वेळेवर बंद करत नसे. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर त्याचं स्वतःचं थोडं थोडं राहून जायचं, आणि ते काढून टाकणं हे माझं काम. त्यामुळे मला ठाऊक होतं, की उपाशी असला तरी तो आईला जेवलो म्हणून सांगतो. नवरीची आत्या उगाच रागावली तर हळूच गुणगुणतो. आणि रडणाऱ्या माणसाला तो कधीच ‘परत एकदा’ म्हणत नाही. बाकीचे म्हणतात. मी खूप जणांचं फूटेज कापलंय.

“तुम्ही धनेश ना?” मी विचारलं.

तो वळला. “हो. तुम्ही?”

“अनुया. तुमचं कापणारी.”

“माझं काय कापणारी?”

“आत्तापर्यंत तरी बोलणं.”

तो हसला, मग हसायचं थांबला. कुठे कुठे काय बोललोय ते आठवत असावा. “म्हणजे तुम्ही सगळं ऐकता?”

“एका कानाने. दुसरा हिच्याकडे असतो.” मी शकूकडे बोट दाखवलं. “आणि डिस्क मध्ये इथे आली होती, तेव्हा तिच्यावरच्या फोल्डरांची नावं बदलणारे तुम्हीच ना?”

“नीट लावून ठेवली. चांगली नाय झाली?”

“‘मटण खारट झालेली हळद’ हे फोल्डरचं नाव असतं का हो?”

“मला तारखा लक्षात ऱ्हात नाय,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “जेवण ऱ्हातं.”

“नाव बदललं की सॉफ्टवेअरला व्हिडिओ सापडत नाही. अख्खा स्क्रीन लाल होतो. काल चौदा फोल्डर शोधून परत जोडले मी, आणि शेवटच्या फोल्डरला ते आपोआप बंद पडलं. सेव्ह न करता.”

“ते तर मोठं सॉफ्टवेअर हाय ना? पिच्चरवाले वापरतात ते?”

“मोठं आहे म्हणूनच. आमचा कॉम्प्युटर लहान आहे.”

का कोण जाणे, हे बोलताना माझा आवाज कापरा झाला. दिवसभराचं काम गेलेलं, ऊन डोक्यात बसलेलं… त्याने काही समजूत घातली नाही. नुसती खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, “चुकलं माझं.” मग खाली बसला, शकूच्या उंचीला. “लेन्सला बोट नाय लावायचं. डोळा लावायचा. जमेल?”

शकूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने डोळा लावला आणि त्याने कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या मानेला काचू नये म्हणून दोन बोटांवर उचलून धरला. कुणाला दाखवायला नव्हे, आपलं सहज.

असलं काही मला दिसल्याशिवाय राहत नाही.

पुढची डिस्क आली ती तारखांच्या फोल्डरांची. पहिली क्लिप काळी होती, लेन्सचं झाकणच काढलेलं नव्हतं. त्या काळोखात आवाज: “अनुयाताई… नाय, ताई नको. अनुया. सात नंबरचा शॉट हललाय, घेऊ नका.”

मग दुसऱ्या दिवशीच्या कार्डात: “शकूला सांगा, एकवीस नंबरला घोडा हाय.”

मग: “पाणी प्यायलात काय? इथं लय गरम होतंय.”

मी डोक्याला हात लावला आणि पाणी प्यायले.

डिस्क पोचवायलाही आता तोच यायला लागला. दादांचा माणूस यायचा तो बंद झाला.

“बेलपाड्याला घरी जाता जाता पडतं वाटेत,” तो म्हणाला.

“हायवे सोडून एवढं आत? वाटेत?”

“आमची वाट जरा मोठी हाय.”

माझी आई, सुमती, आतून ओरडली, “अगं, उन्हात का उभं केलंयस त्याला? सरबत दे.” तो सरबत प्यायचा, शकूशी घोड्याबद्दल बोलायचा, पाच मिनिटांत जायचा. जाताना माझ्याकडे बघायचा आणि काहीच म्हणायचा नाही. समोर असला की गप्प, डिस्कमध्ये मात्र बडबड… मला हसू यायचं. आणि पाठोपाठ भीती.

शकूचे बाबा आणि मी वेगळे होऊन दोन वर्षं झाली होती. फार भांडणंही झाली नाहीत. ते घरात असून नसायचे, आणि मी आणि ही पोर दाराकडे बघत बसायचो, एवढंच. मला पुन्हा कुणाची वाट बघायची नव्हती. शकूला तर वाट बघायला शिकवायचंच नव्हतं. मी थकले होते हो. प्रेमात पडायलाही अंगात थोडी ताकद लागते.

मे महिन्यात रोडपाली गावातल्या हौसामावशींच्या नातीची हळद आली, शूटिंग धनेशचं. लग्नानंतरच्या पूजेला पाहुणे जमतील तेव्हा टीव्हीवर लावायची म्हणून फिल्म दोन दिवसांत हवी होती. आणि नेमका शकूला ताप भरला. गेल्या वर्षी तापात तिला आकडी आली होती, तेव्हापासून थर्मामीटरचा आकडा चढायला लागला की मी तिला नजरेआड होऊ देत नाही. तिला मांडीवर घेऊनच मी कामाला बसले. हेडफोन लावलाच नाही. तिच्या श्वासावरून कान काढायची हिंमत नव्हती. आवाज बंद ठेवून, स्क्रीनवरच्या आवाजाच्या नुसत्या लाटा बघून कापत गेले. एरवी मी कॅमेऱ्यातला आवाज पूर्ण बंद करून वर गाणं चढवते. या वेळी धवलारीण जात्यापाशी धवला म्हणत होती, हळदीचं ते जुनं गाणं. बायकांचा आवाज खरा हवा म्हणून तिथला कॅमेऱ्याचा आवाज मी तसाच ठेवला. लाटा छान दिसत होत्या, भरलेल्या.

एक्सपोर्टची पट्टी सत्त्याण्णव टक्क्यांवर पाऊण तास अडकली. शकूचा ताप उतरला तेव्हाच ती सुटली. फिल्म गेली.

त्यानंतर धनेश आला नाही.

डिस्क दादांच्या माणसाबरोबर यायला लागली. मी पहिलीच क्लिप उघडली, वाट बघत. नवरदेव घोड्यावर चढला, शॉट संपला, कॅमेरा बंद. दुसरी, तिसरी, चाळिसावी… कुठे एक शब्द नाही. इतकं स्वच्छ फूटेज मला कधी मिळालं नव्हतं. कापायला काही उरलंच नव्हतं.

“काका का येत नाही?” शकूने विचारलं.

“कामात असेल.”

“घोड्याला बरं नाही का?”

मी मनात म्हटलं, हेच. हेच नको होतं मला. बारा दिवस मी स्वतःला शहाणी म्हणवून घेतलं, की बघ, आधीच सावध होतीस ते बरं झालं. आणि बारा दिवस गेटचा आवाज आला की खिडकीतून वाकून पाहिलं.

तेराव्या दिवशी सकाळी हौसामावशींचा फोन आला.

“अनुया बाय, तूच केलंस ना आमचा पिच्चर? मस्त झालाय, लगनाच्या गडबडीत सांगाचं ऱ्हायलं. पन धवल्याच्या मंदी एक मानूस बोलतंय.”

“कोण माणूस?”

“ते मला काय ठावं? तुजं नाव घेतंय. आमी पूजेच्या पाव्हन्यांना धरून चार वेला बघला. आमची सून तर डोल्याला पदर लावून बसली. म्हनते, काढाला सांगू नका, ऱ्हाऊ द्या.” मावशी थोड्या थांबल्या. “पन बाय, आमच्या पोरीच्या हलदीत दुसऱ्याचं लगीन कशाला? काढून दे तेवढं. आनि त्याला काय ते सांगून टाक. बिचारा लय दमानं बोललाय.”

प्रोजेक्ट उघडायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं मी नखं खाल्ली. शकू आईबरोबर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी हेडफोन लावला, दोन्ही कानांना.

जात्याची घरघर, बायकांचा सूर, आणि त्याखाली, अगदी माइकजवळ, तो.

“अनुया… मला समोर बोलाला जमत नाय. कॅमेऱ्यामागून जमतं. मी नुसतं तुम्हाला नाय विचारत, शकूला धरूनच विचारतोय. आपण लग्न करूया काय? घाई नाय. तुम्हाला नको असेल तर काय बोलू नका, मी समजून जाईन. पुढच्या डिस्कपासून गप्प ऱ्हाईन. तुम्हाला त्रास नको.”

मी गप्प राहिले होते. बारा दिवस. आणि तो शब्दाला जागून प्रत्येक शॉट संपता संपता बटण दाबत होता.

मी त्याला फोन लावला. “हौसामावशींचा फोन आला होता.”

“त्यांचं काय बिघडलं?” आवाज कोरडा, जपून.

“त्यांच्या फिल्ममध्ये तुम्ही बोलताय. धवल्याच्या खाली. सगळ्या घराने चार वेळा ऐकलंय. पूजेला आलेल्या पाहुण्यांनी ऐकलंय. फक्त मी नव्हतं ऐकलं.”

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

“शकूला ताप होता. आवाज बंद ठेवून कापलं मी. आत्ता ऐकलं… आत्ता, पाच मिनिटांपूर्वी.”

“म्हणजे तुम्ही नाय म्हटलं नव्हतं?”

“मी काहीच म्हटलं नव्हतं. आणि हे बघा, मला नको असेल तर मी तोंडाने नको म्हणेन. तेवढं मला येतं. पण तुम्ही असं एकदम यायचं बंद नाही करायचं. रागावलात तर दारात येऊन रागवा. हिला मी काय सांगायचं? घोड्याला बरं नाही?”

“शकूने विचारलं?”

“…मी पण.”

“येऊ मी?” तो म्हणाला. “आता?”

“या.”

तो अकराला आला, घामाने भिजून, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. आईने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेंगांची परात उचलून स्वयंपाकघरात गेली. शकू त्याच्या पायाला जाऊन चिकटली. मी कॉम्प्युटरपाशी उभीच होते.

“मला भीती वाटते, धनेश.”

“माहितेय. मलापण वाटते.”

“तुम्हाला कशाची?”

“तुम्ही काय लहानसहान बाई नाय. आठ महिने कापताय मला. काय चांगलं, काय टाकाऊ, सगळं तुम्हाला ठाऊक.” तो खाली बघून म्हणाला. “तरी बोलावलंत.”

“हो,” मी म्हटलं. मग नीट म्हटलं, त्याला ऐकू जाईल असं. “माझं हो आहे. पण हळूहळू. मी फार दमलेय.”

तो जवळ आला नाही. माझ्या हातातला माऊस मात्र त्याने काढून घेतला. फोन केल्यापासून मी तो धरूनच होते, वायर निघालेली लोंबत होती.

“मग आधी झोपा तासभर,” तो म्हणाला. “मी हाय. आई हायत.”

आई असतानाही दिवसा मी कधी आडवी झाले नव्हते. पलंगावर टेकले ती नुसती पाठ लावायला, दार उघडं ठेवून.

दचकून उठले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. शकू शेजारी नव्हती. एक पाय खाली टाकला, तेवढ्यात बाहेरून तिचा आवाज आला. “आई कधी उठणार?”

“उठेल. आपल्याला काय घाई हाय?”

“मग मोठ्याने नको बोलू.”

“तूच मोठ्याने बोलतीस.”

आई हसली असावी, भांडं वाजलं. मी पाय परत वर घेतला, कुशीवर वळले आणि डोळे मिटले.