संस्कारधातूचे पहिले दहा तास

वनयंत्र संशोधनशाळेच्या चाचणी-ओट्यावर सागाचा दोन फूट जाडीचा ओंडका बांधला होता. शेजारी दोन करवतयंत्रं होती. एकाचं इंजिन पैकूजी मडावींनी उघडून, आतून कानस मारून सुधारलेलं. दुसऱ्याचं सिलिंडर डॉ. ऋजुता बोकाडे यांच्या नव्या धातूचं. ते जिंकलं की पैकूजींची कानसखोली बंद आणि पैकूजी भांडारात, असं संचालक वाकोडीकरांनी चाचणीआधीच ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षं सिलिंडर घासलेल्या माणसाला रात्रभर झोप लागली नव्हती.

"मॅडम, एक सांगा जी," पैकूजी म्हणाले. "सिलिंडरातून धूर निघाचं, निकासाचं तोंड केसभर वाढवाले मले दोन दिवस लागते. तुमचा धातू आपोआप कसा करते?"

"हा संस्कारधातू आहे, पैकूजी. ताप आणि दाब मिळाला की याचे कण सरकतात. इंजिनाला जे काम पडेल, त्याला सोयीचा आकार आतली तोंडं स्वतःच घेतात. पहिले दहा तास. नंतर कण कायमचे घट्ट बसतात."

"मंग काई चुकलं तं?"

"तो चुकत नाही."

पैकूजींच्या यंत्रानं अडतीस सेकंदांत ओंडका कापला. संचालकांनी जांभई दिली. मग डॉक्टरांनी आपलं यंत्र चालू केलं. काय तो आवाज! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. साखळी लाकडाला टेकली, आणि इंजिन बंद. तीनदा चालू केलं, तीनदा बंद पडलं.

डॉक्टरांनी घाम पुसत धुराडं काढलं. पैकूजींनी आत बॅटरी मारली.

"बाप्पा! तोंड पार वरपर्यंत गेलं ना जी! मोकळ्या हवेत हे कितीबी पळन. पण लाकूड लागलं की दाब कुठून राहीन? ह्याले लाकूड कोणी दाखवलंच नाही."

"तासमापकात दहा तास भरलेत," डॉक्टर म्हणाल्या. मग त्या हळूहळू संचालकांकडे वळल्या. "सर, दहा तास याच्याकडून काय करून घेतलंत?"

"उद्घाटनं," संचालक अभिमानानं म्हणाले. "आमदार, सभापती, महिला मंडळ, दोन शाळा. प्रत्येकाला चालू करून पाहायचं होतं. फोटोवाल्यांसाठी पुन्हा एकदा. आवाज दणक्यात यावा म्हणून मीच सांगायचो, खटका पूर्ण दाबा."

"आणि लाकूड?"

"नव्याकोऱ्या यंत्राला? ओरखडा पडला असता!"

डॉक्टरांची चार वर्षांची मेहनत होती आणि तिची ही गत पाहून त्यांना रडूच येत होतं. "म्हणजे यंत्र नापास नाहीच. दिलेल्या कामात ते पहिलं आलंय."

"मग दुसरं घ्या. चाळीस तर आधीच लाकूड-आगारांना पाठवलीत."

"त्यांनी कशी चालवली?"

"रीतसर सोहळे करून. दहा तास भरल्याची पत्रंही आलीत."

कण घट्ट बसले होते, आता चाळीसही यंत्रांना नवीन काही शिकवता येणार नव्हतं. पैकूजी मात्र सिलिंडर हातात घेऊन सगळीकडून निरखत होते.

"तोंड लहान नाही करता येत," ते म्हणाले. "पण सिलिंडरचं बूड घासून त्याले खाली बसवता येते. तोंड खाली येईन, दाब वाढन. पिस्टन छताले टेकू नये म्हणून ते आतून थोडं पोकळ करा लागते. एकाले चार दिवस."

डॉक्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला; यंत्रं वाचणार होती. त्यांचा चेहरा उजळला. पण चाळीस यंत्रांच्या कामाला एक माणूस पुरणार नव्हता. "मला शिकवाल?"

"चाला ना जी."

संचालकांना क्षणभर वाईट वाटलं, पण त्यांचा स्वभाव फार वेळ दुःख करण्याचा नव्हता. "उत्तम! मग कानसखोलीच्या पुनरारंभाचा छोटासा सोहळा करू. पहिली कानस मी मारतो. फोटोवाल्याला..."

त्यांनी वळून पाहिलं तर ओट्यापाशी कोणीच नव्हतं. कानसखोलीची कडी आतून लागली होती आणि आत घासल्याचा आवाज सुरू झाला होता. त्यांनी दारावर थाप मारली.

"कोण? साहेब हायेत काय?" आतून पैकूजी म्हणाले. "बरं झालं आले. दोन चहा पाठवा जी, मॅडमसाठी बिनसाखरेचा."