हाताच्या आधी

ट्रॅकच्या कडेला दोन पिवळ्या स्पोर्ट्स कार उभ्या होत्या. टायर आठ, सगळ्यांत हवा बत्तीस. स्टिअरिंगच्या फाइली सहा. गुणांचे कागद बारा, पैकी अकरा भरलेले. पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी खोकी दोन, अजून न उघडलेली. माणसं दोन, चहाचे ग्लास दोन.

बारावा कागद अन्वर मुजावरांनी कोराच ठेवला आणि पेन खाली ठेवलं.

"ही दोन नंबरची गाडी खोटं बोलतिया," ते म्हणाले.

"स्टिअरिंग खोटं कसं बोलेल, मामा?" कंपनीची इंजिनिअर शर्वाणी लिमकरने विचारलं.

"तेच तर म्हणतोय. मुक्या वस्तूनं खोटं बोललं की लई वाईट."

आजऱ्याजवळच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर असलेला हा ट्रॅक कंपनीने खास स्टिअरिंगसाठी बांधला होता. या गाड्यांत स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये दांडा नव्हता, फक्त तारा होत्या. रस्त्याचा खडबडीतपणा, वळणातला जडपणा, टायर घसरायला लागण्याआधीची ती बारीक थरथर, हे सगळं स्टिअरिंगमागची एक छोटी मोटर चालकाच्या हाताला सांगायची. किती आणि कसं सांगायचं, ते फाइल ठरवायची. पण कोणती फाइल चांगली, हे अजूनही माणूसच ठरवायचा. गाडीत कोणती फाइल आहे हे मुजावरांना सांगितलं जात नसे. चार फेऱ्या मारायच्या, उतरायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. एकच फाइल दोनदा दिली तरी त्यांच्या गुणांत कधी अर्ध्याहून जास्त फरक पडला नव्हता. असं बावीस वर्षं चाललं होतं.

आज सकाळी एक नंबरच्या गाडीत चौथ्या फाइलला त्यांनी साडेआठ दिले. दुपारी दोन नंबरच्या गाडीत त्याच फाइलला पाच.

"काल ही ट्रकमधनं उतरली तवा हितं कोण होतं?" मुजावरांनी विचारलं.

"मी."

"आणि?"

"मीच."

"म्हणजे हात लावला असंल तर तू लावलास." त्यांनी शेडमधल्या खोक्यांकडे हनुवटी उडवली. "पुण्यास्नं जावई पाठवलाय न्हवं मला? सासऱ्यानं आता गुमान खुर्ची सोडायची."

खोक्यांत गाडी चालवणारी यंत्रं होती. शर्वाणीला ते ठाऊक होतं, आणि ती यंत्रं का आली हेही थोडंफार ठाऊक होतं. दोन्ही गाड्यांतल्या फाइली तिने अक्षर न अक्षर ताडून पाहिल्या. त्यांत फरक नव्हता. टायरचं तापमान पाहिलं, चाकांचे कोन पाहिले. तिथेही काही सापडलं नाही. मग एक शक्यता उरली, आणि ती तिला मुळीच आवडली नाही. मामा अंदाजाने गुण देत असतील का? आज, की आधीपासूनच?

"मी स्वतः चालवून बघते," ती म्हणाली. "दोन्ही."

"दोन नंबरची चालव. एकमधी बसायचं न्हाई."

हा ट्रॅकवरचा रिवाज होता. एक नंबरची गाडी म्हणजे कसोटीची गाडी. बाकी सगळ्या गाड्या तिच्याशी ताडून बघायच्या, म्हणून तिच्यात मुजावरांशिवाय कोणी बसायचं नाही. गाडी धुणारासुद्धा दार उघडून वाकूनच आत पुसायचा. सात महिने दुसरा हात त्या स्टिअरिंगला लागला नव्हता.

"दोन फेऱ्या, मामा. नाहीतर मी पुण्याला काय लिहू?"

मुजावरांनी डाव्या हाताने ग्लास उचलला, चहा संपवला आणि तोंड फिरवलं. तिने ती परवानगी समजली.

दोन नंबरची गाडी सरळ होती. वळणात जितकं फिरवावं तितकी वळत होती. एक नंबरच्या गाडीत मात्र पहिल्याच उजव्या वळणावर वेगळंच झालं. तिने फिरवायला सुरुवात केली आणि स्टिअरिंग तिच्या पुढे निघून गेलं. घाईत असलेला माणूस आपल्या हातातून वस्तू काढून घेतो, तसं. डाव्या वळणावर काहीच झालं नाही. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा तेच.

खोटं बोलणारी गाडी ही होती.

शेडमध्ये येऊन तिने एक नंबरच्या गाडीचा 'हस्तबोध' उघडला. गाडी विकत घेणाऱ्याच्या हाताची ढब शिकून घ्यायची आणि मोटरने त्याला हळूच साथ द्यायची, यासाठी बसवलेला हा संच. दोनशे किलोमीटर वेगळे हात लागले की तो जुनं शिकलेलं आपोआप पुसत असे. ट्रॅकवर चालक बदलत राहतात असं धरूनच तो बंद करायची सोय कोणी ठेवली नव्हती. या ट्रॅकवर मात्र चालक बदललाच नव्हता.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. डाव्या हाताची सात महिने आडवी होती. उजव्या हाताची, म्हणजे उजव्या वळणांतली, पहिल्या महिन्यापासून चढत गेली होती.

"हे काय?" मुजावर मागे येऊन उभे राहिले होते.

"उजवा हात फिरवायला लागायच्या आधी स्टिअरिंग स्वतः किती आधी फिरतं, ते. सुरुवातीला सहा मिलिसेकंद. आज चौऱ्याण्णव."

"म्हणजे हिच्यात बिघाड."

"नाही. गाडीला वाटतंय की..." ती थांबली. "मामा, तुम्ही डाव्या हाताने चहा कधीपासून घेता?"

मुजावरांनी हातातल्या ग्लासकडे पाहिलं. मग तो ग्लास उजव्या हातात घेतला. रिकामा होता तरी काच अंगठीवर किणकिणली.

"थंडीनं हुतंय," ते म्हणाले.

"एप्रिल आहे."

"यंत्र म्हणतंय म्हणून माझा हात गेला? उद्या म्हणंल माझं नावच अन्वर न्हाई!"

"मलाही त्याचा भरवसा नाही. म्हणून तर विचारतेय."

मुजावर खुर्चीत बसले. त्या चढत्या रेघेकडे ते संशयाने बघत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांची वार्षिक परीक्षा होती. एका हाताने स्टिअरिंग धरायचं, मोटर अचानक हिसका देणार, तो किती वेळात सावरला ते मोजायचं. दोन्ही हात वेगवेगळे. कोणताही हात अडीचशे मिलिसेकंदांच्या वर गेला की ट्रॅकवरचा परवाना रद्द.

"परीक्षा एक नंबरात घेतली तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"पास व्हाल."

"आणि कुणाला कळंल?"

"मला. आणि गाडीला."

"तू लिहशील?"

शर्वाणीने कागदांची थप्पी सारखी केली. "माहीत नाही, मामा."

"बरं झालं खरं बोललीस." ते किंचित हसले. मग हसू विरलं. "या गाड्या दिवाळीत बाजारात जाणार. घेणारा एकटाच चालवणार. असल्या गाडीची किल्ली बायकोलासुद्धा देत न्हाईत लोक. त्याचा हात गेला, डोळा गेला, तर त्याला कोण सांगणार?"

"गाडी सांभाळून घेईल."

"ते कळलं गं. सांगणार कोण? आणि मग एक दिवस तो मेव्हण्याची साधी गाडी घेऊन घाटात उतरंल, तवा?"



मुजावर उठले. भिंतीवरच्या खिळ्याला दोन किल्ल्या होत्या. त्यांचा हात आधी सवयीने डावीकडच्या किल्लीकडे गेला. मग त्यांनी उजवीकडची काढली.

"दोन नंबरातला हस्तबोध पूस. माझ्या देखत पूस, माझा तुझ्यावर इस्वास न्हाई."

तिने त्यांच्यासमोर स्मृती पुसली. पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी शून्य वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि गाडीत बसले.

"डावा आधी घेऊ?"

"घे. त्यो शहाणा हाय."

वीस हिसके डाव्या हाताला, वीस उजव्याला. शेवटच्या हिसक्यानंतर मुजावरांनी दार उघडलं, पण उतरले नाहीत.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

शर्वाणीने बारावा, कोरा राहिलेला कागद पुढे ओढला आणि वाचता वाचता लिहिलं.

"डावा हात, सरासरी दोनशे बारा मिलिसेकंद. उजवा हात, सरासरी तीनशे सहा. फरक, चौऱ्याण्णव."